देवाच्या घरचं रताळं

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

पत्र लांबलचक होणार आहे, तेव्हा चष्मा लाव आणि सूनबाईला चहा टाकायला सांग.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमची लिनन रूम हॉस्पिटलच्या तळघरात, हे तुला माहीत आहेच. खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात. तर त्या दिवशी मी उशांचे अभ्रे घेऊन वर गेले होते. बघते तर कॉरिडॉरमध्ये एक चांगले आडव्या बांध्याचे गृहस्थ भिंतीला पाठ लावून पालीसारखे सरकत सरकत येताहेत. एक हात मागे. हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यांचं. अंगात आपला तो हॉस्पिटलचा गाऊन, आणि गाऊनच्या मागच्या दोन्ही नाड्या तुटलेल्या.

मला म्हणाले, "बाई, एखादी नाडी मिळेल का हो?"

मी म्हटलं, "भिंतीकडे तोंड करा." माझ्या एप्रनला सुई-दोरा कायम टोचलेला असतो. तिथंच उभ्या उभ्या त्यांचा पार्श्वभाग झाकून दोन नाड्या शिवून दिल्या. ते सारखं वळून आभार मानायला बघत होते. शेवटी मी ओरडले, "हलू नका, सुई आहे!"

शिवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

मी म्हटलं, "मी कोणी नाही. लिनन." इथं मला सगळे तसंच हाक मारतात ना. 'ए लिनन, चार चादरी!' सव्वीस वर्षं झाली, आता मला ते टोचतही नाही.

तर ते गृहस्थ म्हणाले, "कमाल आहे. गेला अर्धा तास या मजल्यावरचे सगळे 'कोणीतरी' माझा पार्श्वभाग बघून हसत होते. आणि लाज राखली ती 'कोणी नाही'नं!"

पाळक निघाले ते. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या चर्चचे. म्हणाले, बरा झालो की एका रविवारी या. मी गेले. खरं सांगायचं तर हा माणूस पुढून कसा दिसतो ते नीट बघायला गेले. वर्षानुवर्षं लग्न आणि मयत सोडून चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं मी. त्या दिवशी ते म्हणाले की देव माणसं घाऊक बनवत नाही, एकेक हातानं करतो. दादा, मी रोज घाऊक शिवते. घाऊक आणि हातचं यातला फरक मला कोणी समजावून सांगायला नको. मी तिथंच रडायला लागले. शेजारच्या बाईनं रुमाल दिला, त्याची शिवण उसवलेली होती, ती मी घरी आणून घालून दिली. तेव्हापासून दर रविवारी जाते.

आता संकट. ९ मार्चला उपासनेत मला साक्ष द्यायला सांगितली आहे. देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पाच मिनिटं! मी स्वतःबद्दल सलग पाच मिनिटं कधी विचारसुद्धा केलेला नाही. तू लिहून दे. माझ्या रजेच्या अर्जापासून आमचे हे गेले तेव्हाच्या आभाराच्या पत्रापर्यंत सगळं तूच लिहिलंस. मी पाठ करीन.

तुझी,
चिंगी


८ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. पाळकांच्या पार्श्वभागाचा उल्लेख त्यात दोनदा आला आहे. एकदाही येण्याची आवश्यकता नव्हती. शुद्धलेखनाच्या चुका नऊ. त्या लाल शाईने दाखवून पत्र सोबत परत पाठवीत आहे, दुरुस्त करून स्वतःजवळ ठेवावे.

साक्षीची विनंती करून तू योग्य दार ठोठावलेस. इकडे मला क्षणाची उसंत नाही. रोज सकाळी माजी विद्यार्थी सल्ल्यासाठी येऊन बसतात, दुपारी समित्यांच्या बैठका, आणि शाळेने माझा जाहीर सत्कार योजिला आहे, त्याच्या भाषणाची तयारी वेगळीच. तरीही घराण्याच्या अब्रूचा प्रश्न असल्याने सात पानी मसुदा सोबत जोडला आहे. आरंभ असा:

'उपस्थित बंधुभगिनींनो! आमचे पणजोबा हे अत्यंत शिस्तप्रिय गृहस्थ होते. त्यांच्या शिस्तीचे तीन प्रसंग मी आपणांस सांगू इच्छिते...'

आवाज छातीतून काढावा. 'शिस्तप्रिय' म्हणताना उजवा हात किंचित वर.

तुझा वडील बंधू,
(निवृत्त मुख्याध्यापक)


१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

मसुदा मिळाला. अक्षर काय सुंदर रे तुझं!

पाळकबाई, म्हणजे पाळकांची बायको, घड्याळ घेऊन लिनन रूममध्ये आल्या होत्या. चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, वाचा. मी वाचत गेले, हात वर करत गेले. अकराव्या मिनिटाला त्यांनी थांबवलं. विचारलं, "तुमचा जन्म कधी होतो?"

दादा, माझा जन्म चौथ्या पानावर होतो. 'आमच्या वडिलांस दोन अपत्ये. ज्येष्ठ पुत्र पुढे नामांकित मुख्याध्यापक झाले. कनिष्ठ कन्या म्हणजे प्रस्तुत वक्त्री.' आणि पाचव्या पानापासून पुन्हा ज्येष्ठ पुत्र सुरू होतो तो सातव्या पानापर्यंत हटत नाही. पाळकबाई म्हणाल्या, साक्ष छान आहे, पण ती तुमच्या दादांनी द्यायला हवी.

रागावू नकोस. थोडी छोटी करून देशील का? मी स्वतः प्रयत्न केला. कागदावर 'मी' लिहिलं आणि जेवणाची सुट्टी संपली.

भीती कशाची वाटते माहीत आहे का? तुला आठवतं का बघ. मी सहा वर्षांची होते. लहान मुलांच्या उपासनेत मला एकच ओळ म्हणायची होती, आपल्या संडे स्कूलच्या बाईंनी रचलेली: 'मी लहान असले तरी देवाच्या घरचं रत्न आहे.' तू आठ दिवस माझ्याकडून पाठ करून घेतली होतीस. आणि मी अख्ख्या चर्चसमोर, नवा फ्रॉक घालून, खड्या आवाजात म्हणाले, 'मी लहान असले तरी देवाच्या घरचं रताळं आहे.' लोक बाकावरून पडायचे बाकी राहिले होते. बाबा मला उचलून खाली आणताना म्हणाले, "राहू दे, ही आपली अशीच." त्या दिवसापासून मी अशीच राहिले रे. कुठं बोलायची वेळ आली की वाटतं, तोंड उघडलं की रताळंच बाहेर पडणार.

पण एक गंमत सांगते. परवा ती नवी नर्स आली आणि ओरडली, "ए लिनन!" माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाव आहे." तिनं विचारलं, "काय?" तर दादा, मला क्षणभर आठवेचना! मग सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, माझ्या आत्याचंही तेच." आता ती नावानं हाक मारते, आणि चादरी मोजून नेते.

तुझी,
चिंगी


१९ फेब्रुवारी

चि. चिंगीस आशीर्वाद.

पाळकबाईंचे मत कळले. त्या कोणत्या शाळेत शिकल्या हे कळवावे.

मसुदा छोटा करणे म्हणजे पणजोबांना छोटे करणे होय, आणि ते माझ्या हातून होणार नाही. शिवाय नीट विचार करता माझे असे मत झाले आहे की तू ही साक्ष देऊच नये. साक्ष देण्यास काही घडलेले असावे लागते. तुझे आयुष्य सरळ गेले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्या घराण्यात बोलण्याचे काम माझ्याकडे आणि शिवणाचे तुझ्याकडे, ही वाटणी बाबांनीच केली होती. उगाच नवे वारे अंगात भरवून घेऊ नकोस. नर्सेसशी उद्धटपणे बोलणे हेही त्याच वाऱ्याचे लक्षण दिसते.

रताळ्याचा जो प्रसंग तू लिहिला आहेस तो मला नीटसा आठवत नाही. त्या काळी मी अभ्यासात गढलेला असे, दिवस परीक्षेचे होते, आणि मुळात अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची भाजी आज चिवडण्यात अर्थ नाही. तो विषय येथेच संपवावा.

फोन करू नये. सत्काराच्या गडबडीत मी सहसा घरी नसतो.

(निवृत्त मुख्याध्यापक)


२८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

मी फोन केला.

सूनबाईनं उचलला. मी म्हटलं, दादा सत्काराला गेला असेल. ती मग म्हणाली, "आत्या, कुठला सत्कार? मामंजी पाच महिने घराबाहेर पडलेले नाहीत." तिच्यावर रागावू नकोस. ती बोलायला लागली आणि मग तिला थांबता येईना.

तू रोज सकाळी अंघोळ करून कोट आणि बूट घालून जेवणाच्या टेबलाशी बसतोस. लाल पेननं वर्तमानपत्र तपासतोस, मार्क देतोस, घडी घालून ठेवतोस. साडेचार वाजले की बूट काढतोस. सल्ल्याला येणारा माजी विद्यार्थी म्हणजे विजेचं मीटर बघायला येणारा माणूस, तो तुझा विद्यार्थीही नव्हता, आणि तू त्याला 'विद्युत' लिहायला लावलंस म्हणून आता तो रीडिंग खिडकीतूनच घेतो. हे ऐकून मी हसले, दादा, खोटं का बोलू. आणि हसता हसता रडले. शाळेतला सत्कार नव्या मुख्याध्यापकांचा होता. तुला बोलावायचं ते विसरले.

मला का नाही सांगितलंस रे? मी सव्वीस वर्षं तळघरात बसलेय. आपण आहोत हे कोणाला ठाऊक नसलं की कसं वाटतं, हे तू कोणाला समजावणार, मला?

तू लिहिलंस, साक्ष द्यायला काही घडावं लागतं. त्यावर मी आठवडाभर विचार केला. खरंच माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही. पण ज्यांच्या आयुष्यात काही घडलं नाही त्यांना देव ओळखत नाही असं कुठं आहे? मी आपली माझी साक्ष स्वतःच लिहिते आहे. अर्धं पान झालंय. त्यात तुझं नाव एकदाच येतं. चुका किती असतील त्या असोत.

तू भाषण नको लिहूस. नुसतं पत्र लिही. चुकलं तरी चालेल.

तुझी,
चिंगी


४ मार्च

चिंगी,

सूनबाईला मी काही बोललो नाही. तिने चहा आणून ठेवला, मी तो प्यायलो.

सकाळपासून चार कागद फाडले. प्रत्येकाची सुरुवात पणजोबांपासून होत होती.

खरं ते लिहितो. रताळं मला आठवतं. मला ते रोज आठवतं. तू विसरली नव्हतीस, चिंगी. तुला मीच तसं शिकवलं होतं. तू विचारलंस, "दादा, रत्न की रताळं?" आणि मी म्हणालो, "रत्न हे बोलण्यातलं झालं, चर्चमध्ये रताळं म्हणतात." तू सहा वर्षांची होतीस, तुला मी सांगीन ते खरं वाटायचं. मी तेरा वर्षांचा होतो. त्या दिवशी माझंही पाठांतर होतं, एक आख्खं स्तोत्र. पण घरात आठ दिवस सगळे तुझ्या एका ओळीचंच कौतुक करत होते, आणि तुझ्या फ्रॉकचं. मला वाटलं, लोक थोडेसे हसतील. बाबा तसं म्हणतील असं वाटलं नव्हतं. आणि मग मला बक्षीस मिळालं, आणि माझी सांगायची हिंमत झाली नाही. पुढे तू गप्प गप्प होत गेलीस आणि मी तुझी पत्रं लिहून द्यायला लागलो. त्यात उपकार काही नव्हते.

सत्काराचं तुला कळलंच आहे. चर्चमध्येही मी दोन वर्षं गेलो नाही. पूर्वी पहिल्या बाकावर बसायचो, सूचना वाचून दाखवायचो. आता गेलो तर लोक विचारणार, सध्या काय करता? मला त्याचं उत्तर येत नाही. आयुष्यभर मुलांना म्हणत आलो की उत्तर येत नसेल तर उभं राहा. मी बसून आहे.

मुख्याध्यापक नसलो तर मी कोण, हे मला खरोखर ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल तर कळव.

साक्ष तू दे. तुझी तू दे.

दादा


१० मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी ते इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून वाचलं आणि एक अभ्रा जाळला.

पहिल्यांदा राग आला. खूप आला. अठ्ठेचाळीस वर्षं मी तुला हुशार समजत होते आणि स्वतःला मठ्ठ. दोन्ही चुकीचं निघालं! जेवणाच्या सुट्टीत मी पाळकांकडे गेले आणि त्यांना म्हटलं, मला माझ्या भावाला माफ करायचं नाहीये, निदान आज तरी नाही. ते म्हणाले, ठीक आहे, मग देवाला तेवढंच सांगा. मी त्या रिकाम्या चर्चमध्ये बसून देवाला तेवढंच सांगितलं. बराच वेळ सांगितलं. सांगता सांगता तू डोळ्यांसमोर आलास, तेरा वर्षांचा, बक्षीस हातात घेतलेला आणि तोंड उतरलेला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मला 'चर्चमध्ये रताळं म्हणतात' हे आठवलं आणि मी अशी हसत सुटले की पाळकबाई पाणी घेऊन धावत आल्या. तिथं माफी होऊन गेली बघ. मला वाटलं होतं तिला जास्त वेळ लागेल.

आता रविवार ऐक. साक्ष लिहिलेला कागद मी एप्रनच्या खिशात जपून ठेवला होता, आणि एप्रन शनिवारी धुवायला गेला. परत आला तेव्हा खिशात पांढरा लगदा होता, तोही इस्त्री केलेला. म्हणजे मी मोकळ्या हातानं उभी राहिले. समोर दीडशे माणसं. माईक माझ्या कपाळाच्या उंचीवर लावलेला. एका काकांनी येऊन तो खाली केला तर तो घसरत घसरत माझ्या पोटापर्यंत गेला. मी वाकून बोलायला सुरुवात केली.

आठवतं तसं लिहिते. मी म्हटलं, "मी हॉस्पिटलच्या तळघरात चादरी शिवते. सहा वर्षांची असताना मी याच देवासमोर म्हणाले होते की मी त्याच्या घरचं रताळं आहे. लोक हसले, आणि मला वाटलं देवही हसला. म्हणून मी त्याच्यापुढे पुन्हा आले नाही. मला वाटायचं, त्याला रत्नंच लागतात. रत्नांना तिथं पहिला बाक असतो. मी आपली जमिनीखाली बरी. पण आता या वयात मला कळलं की येशू रत्नांच्या दुकानात आला नव्हता. तो शोधत शोधत खाली उतरला. माझ्या खिडकीतून फक्त बूट दिसतात, आणि तो तिथंही वाकून आत बघतो. त्यानं मला 'लिनन' म्हणून हाक मारली नाही. मी काय शिवते ते त्यानं आधी विचारलं नाही. मी त्याची आहे, एवढंच तो म्हणाला. मग मी रत्न आहे की रताळं, हे विचारायचं मला राहिलंच नाही."

मग माझं बोलणं संपलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. कोणी हसलं नाही म्हणून मी घाबरले. बघते तर पाळक डोळे पुसत होते आणि मागच्या बाकावरच्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "मला तर रताळी फार आवडतात!" मग मात्र सगळे हसले. मीही. दादा, तोच आवाज होता हसण्याचा, अगदी तेव्हासारखाच. पण या वेळी मी हसणाऱ्यांत होते.

आता तुझा प्रश्न. मुख्याध्यापक नसलास तर तू कोण? हे मी पाळकांना विचारलं, आणि वाटलं ते तुला एखादं काम देतील, हिशेब तपासायचं वगैरे. तर ते म्हणाले, "त्यांना लिहा की चर्चमध्ये त्यांच्यासाठी काहीही काम नाही. नुसतं यायचं आणि बसायचं. हुशार माणसांना हे फार जड जातं."

मला एवढंच कळतं, की तू मुख्याध्यापक व्हायच्या आधीपासून देव तुला ओळखतो. तू मला रताळं शिकवलंस तेव्हासुद्धा तू त्याचाच होतास. त्या दिवशी त्याची मान खाली गेली असेल, पण तुला त्यानं सोडलं नाही. मी सोडणार आहे का?

बूट घातलेच आहेस, तर रविवारी जरा बाहेर पड.

तुझी,
चिंगी


२४ मार्च

प्रिय चिंगी,

काल गेलो. आधीच्या रविवारीही निघालो होतो, फाटकापासून परत आलो. काल सूनबाई फाटक उघडून धरून उभी राहिली, म्हणजे परतायची सोय उरली नाही.

पहिल्या बाकाकडे पाय आपोआप वळले. तिथं माझ्या जागी एक कुटुंब बसलं होतं. मी मागे गेलो. मागचे बाक इतके मागे असतात हे मला माहीत नव्हतं. तिथून पाळक अंगठ्याएवढे दिसतात. सूचनापत्रकात अकरा चुका होत्या. पेन खिशात होतं. मी हातावर बसून राहिलो.

मध्ये पाळकांनी सगळ्यांना शांतपणे आपापलं देवाशी बोलायला सांगितलं. मी नेहमीच्या सवयीने सुरुवात केली, 'हे परमपित्या, प्रस्तुत प्रसंगी...' आणि पुढे काही सुचेना. चाळीस वर्षं मी प्रार्थना लोकांना ऐकू जाईल अशीच केली आहे, चिंगी. कोणी ऐकत नसताना काय बोलायचं ते मला येत नव्हतं. मग मी म्हणालो, 'मी आलोय.' तेवढंच. उत्तर वगैरे काही ऐकू आलं नाही. पण तपासलं जात असल्यासारखंही वाटलं नाही. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, म्हणून मी थोडा वेळ हललोच नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, नळ दुरुस्त करतात. हाताला पान्याचे घट्टे. उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, "नवीन दिसता. कोणाकडचे?"

मी तोंड उघडलं. अडतीस वर्षांची नोकरी, दोन पारितोषिकं, सगळं जिभेवर तयार होतं. आणि बाहेर पडलं ते, "मी चिंगीचा भाऊ."

"असं होय!" ते म्हणाले, जणू तुला चांगलं ओळखतात. "बरं झालं आलात."

सध्या काय करता, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होतो की काही नाही. उत्तर तयार ठेवलं होतं.

निघताना म्हणाले, "पुढच्या रविवारी मी तुमची जागा धरून ठेवतो." मी का, कशासाठी, काही विचारलं नाही. बरं म्हणालो.

तुझा,
दादा